सहावी मूठ

अक्का,

काल तुझी गंधमुक्ती झाली, दिवसकार्य आटोपलं. मांडव उतरला, भाड्याच्या सतरंज्या ट्रॅक्टरमधून परत गेल्या, आणि दारावर येणारी माणसंही आज सकाळपासून थांबली. तुझ्याबद्दल सगळे चांगलंच बोलले. इतकं चांगलं की दोन-तीनदा मान वर करून बघावं लागलं, ही माणसं नेमकी कोणाबद्दल बोलतायत म्हणून. एक बाई म्हणाली, "अक्कांनी कधी कोणाला उलटून उत्तर दिलं नाही." मी पदर तोंडाला लावला. तिला वाटलं मी रडतेय. मला हसू आवरत नव्हतं, आणि त्या हसण्यातच मग खरंच रडू आलं.

ते सगळं त्यांच्याजवळ राहू दे. मला तुझ्याशी दुसरं बोलायचंय. आपलं एक भांडण अर्धं राहिलं होतं, तीन वर्षांपासूनचं. ते परवा संपलं. मी हरले. हे तुला सांगायला तू नाहीस, म्हणून लिहायला बसले. एरवी मी हरले की पहिली बातमी तुलाच लागायची आणि संध्याकाळपर्यंत नरडाण्याच्या बाजारात पोचायची.

सुरुवात मुठीपासून करते.

लग्न होऊन मी जळगावहून या गावात आले, तेव्हा पदवी घेऊन आलेली शहरातली सून म्हणून माझा थोडा दबदबा होता. तो तू, माझी मोठी जाऊ, पहिल्या श्रावणातच उतरवलास. श्रावणात घरी बसणाऱ्या कानबाई देवीच्या नैवेद्याच्या गोड रोटांसाठी गहू मोजायचे होते. तू कोठीसमोर बसलीस, मला शेजारी बसवलंस, आणि घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेत एकेक मूठ गहू सुपात टाकलेस. मूठभर, आणि वर चिमूटभर सव्वाची. मी म्हटलं, "तुम्ही किलोने का नाही मोजत?" तू म्हणालीस, "तुम्ही-तुम्ही काय करस व? मी काय मामलेदार शे का?" तेव्हापासून तू माझी 'तू' झालीस. नणंदांना ते कधी आवडलं नाही. तू त्यांचं ऐकलं नाहीस, मीही नाही.

त्याच दिवशी तू मला रोटांचे नियम सांगितलेस. बोटावर मोजून, शाळेत पाढे घ्यावेत तसे. "रोट घरना लोकेसनीच खावाना. बाहेरनाले तुकडाबी देवाना नही. जेना नावना रोट, पहिला घास तेना. आनि पुनी येवाना पहिले बठ्ठा सराले जोयजे." पुनवेच्या आत सगळे रोट संपायलाच हवेत, हे मी मनात नोंदवलं आणि विचारलं, मग आपल्या बायकांच्या नावाची मूठ? तू सूप पाखडत म्हणालीस, "आपली मूठ मोजाले ऱ्हास." मोजायला बायकांची मूठ, मोजायची पुरुषांची नावं. मला राग आला होता, तुला आला नव्हता. निदान दिसला तरी नव्हता.

पुढे मी धुळ्याच्या शाळेत एकोणतीस वर्षं गणित शिकवलं. पण दर श्रावणात सुट्टी टाकून कोठीपाशी तुझ्या शेजारी बसायला यायचे, आणि तुझ्या मुठी मोजायचे. घरात पुरुष पाच. तुझे नाना, सागरचे बाबा, तुझा विलास, विलासचा पिंटू आणि माझा सागर. पाच मुठी. तीन वर्षांपूर्वी तू सहा टाकल्यास.

"अक्का, सहा झाल्या."

"व्हऊ दे."

"पुरुष पाचच आहेत."

"तू तुनी शाळामा मोज."

मी विलासच्या बायकोकडे बघून डोळे मिचकावले. तुझं वय झालं, मोजणं चुकायला लागलं, असं तिला खुणेने सांगितलं. ती बिचारी भाजीकडे बघत राहिली. एक रोट जास्तीचा झाला म्हणून काही बिघडत नव्हतं, मी विषय सोडून दिला. पाच आणि एक सहा हे न येणारी बाई नव्हतीस तू. कापसाच्या वजनात व्यापाऱ्याने पावशेर मारलं तरी तुला अंगणातून कळायचं. हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

त्याच आठवड्यात आपण दोघी निघालो होतो, आठवतं? सागर जर्मनीत नोकरीला लागून सहा वर्षं झाली होती आणि सहाही वर्षं त्याच्या नावाचा रोट तसाच राहायचा. शेवटी पुनवेच्या आदल्या दिवशी नाना डोळे मिटून त्याच्या नावाने घास खायचे आणि मग दिवसभर कोणाशी बोलायचे नाहीत. सागरने तिकिटं पाठवली तेव्हा नाना म्हणाले, "कपाशी सोडीसन मी कोठेच जाव नही." सागरच्या बाबांनी भावाच्या मागे लपून तेच सांगितलं. मग तू म्हणालीस, त्याचा रोट त्याला द्यायला मी जाते. लोक युरोप बघायला जातात. तू पुनवेच्या आत एक रोट पोचवायला निघालीस.

तिथल्या विमानतळावर त्यांनी तुझी पिशवी उघडली. धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात बांधलेलं गाठोडं. ती वर्दीतली बाई विचारते, हे काय? मला सुचलं ते मी म्हटलं, ब्रेड. तिने हसून सोडून दिलं. तू मात्र सोडलं नाहीस. बाहेर सागर गळ्यात पडायला धावत आला, तर तू त्याला एका हाताने थोपवून आधी माझ्याशी भांडलीस. "ब्रेड? कानबाईना रोटले ब्रेड म्हनस? मास्तरीन व्हयीसन!" सहा वर्षांनी दिसलेलं पोरगं मधे उभं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आपण.

त्याला तू लगेच रोट दिला नाहीस. म्हणालीस, देऊ निवांत, पुनवेला अजून चार दिवस आहेत. मलाही ते बरं वाटलं. मी वेगळ्याच काळजीत होते.

आता ती काळजी सांगते. तू असताना सांगितली नाही, आणि आता परवापासून कळलंय की सांगायची गरजच नव्हती. सागरच्या आयुष्यात लेना नावाची मुलगी होती. त्याच्याच कचेरीत काम करणारी, जर्मन. वर्षभर आधी त्याने मला फोनवर सांगितलं होतं. मी काय म्हटलं माहितेय? मी म्हटलं, "मला काही नाही रे, पण अक्काला पटणार नाही. अक्काला नाही पटलं तर नानांना कोण सांगणार?" दर महिन्याला तो विचारायचा, दर महिन्याला मी हेच म्हणायचे. अक्का जुन्या वळणाची, अक्काला धक्का बसेल, अक्काचं वय झालं. मी शिकलेली, पुरोगामी, शाळेच्या स्नेहसंमेलनात आंतरजातीय विवाहावर भाषण करणारी. माझं नाव मला खराब करायचं नव्हतं. म्हणून तुझं केलं. पटत मला नव्हतं, अक्का. रात्रंदिवस मनात यायचं, माझ्या नातवंडांशी मी कोणत्या भाषेत बोलू? पण ते माझ्या तोंडून निघालं नाही. निघालं ते तुझ्या नावाने निघालं.

सागर म्हणाला, सुट्टीत एक दिवस ती पण येईल. मी म्हटलं, येऊ दे, पण मैत्रीण म्हणून सांग. तेवढंच सांग.

तो दिवस पावसाचा निघाला. स्वित्झर्लंडला आपण पाच दिवसांसाठी गेलो होतो, आणि त्या दिवशी उंच बर्फाच्या शिखरावर रेल्वेने जायचं ठरलं होतं. स्टेशनवर एक पडदा होता, वरचं दृश्य दाखवणारा. पडदा पांढराफटक. सागर म्हणाला, वर ढगच आहेत, जाऊन काही दिसणार नाही. लेना दुसऱ्या गाडीने येऊन तिथेच भेटली. उंच, लालसर नाकाची, पाठीवर पिशवी, अंगात पिवळा रेनकोट. तिने हात जोडले आणि पाठ करून आणलेलं म्हटलं, "नमस्कार, मोठी आई." सागर तुला तेच म्हणतो ना. मी तुझ्या चेहऱ्याकडे बघितलं. तू पांढऱ्या पडद्याकडे बघत होतीस. म्हणालीस, "वरते ढग शेतस तं खाले चाला." म्हणून आपण शिखर सोडलं आणि दरीतून पायी निघालो.

काय दरी होती ती. दोन्ही बाजूंना सरळसोट कडे, आणि त्यांच्यावरून पाणीच पाणी. जागोजागी धबधबे, कोणाचं तोंड ढगात, कोणाचे पाय ढगात. खाली हिरवं गवत, त्यात गायी, गायींच्या गळ्यात परातीएवढ्या घंटा. सागर एकेक नाव सांगत होता. तू सगळं ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "इतलं पानी! आनि ह्या लोके त्याना फोटू काढतस? बांध कसाले नही घालतस?" सागरने ते लेनाला इंग्रजीत सांगितलं. ती हसेल असं मला वाटलं. ती हसली नाही. थांबून नीट उत्तर दिलं तिने, की खाली पुढे तळं आहे, पाणी तिथे जातं, त्यावर वीज होते. सागरने ते तुला सांगितलं. तू मान हलवलीस. पुढे अर्धा किलोमीटर तुम्ही दोघी सागरला मधे घालून पाण्याबद्दलच बोलत होतात. शिंदखेडा तालुक्यातली विहीर किती परस खोल असते, तिच्या आजीच्या गावाला उन्हाळ्यात काय होतं. मी मागून चालत होते. माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं, आणि मला ते खुपत होतं.

तुझ्या पायात सागरचे जुने बूट, पायघोळ लुगडं वर खोचलेलं, डोक्यावर मी धुळ्याहून नेलेली घडीची छत्री. "मना साक्रीकडे बी असाच डोंगर शेतस," तू म्हणत होतीस, "तठे कोनी तिकीट काढत नही." माहेराची गोष्ट निघाली की तुझी चाल बदलायची. त्या दिवशीही बदलली. पासष्टीची बाई, माझ्या पुढे सपासप.

मग वारा सुटला. तो कड्यावरून खाली येतो तेव्हा नुसता वारा नसतो, सोबत धबधब्याचं पाणी घेऊन येतो. छत्री पहिल्या झटक्यात उलटी झाली, दुसऱ्यात तिच्या काड्या मोडल्या. तू एका क्षणात चिंब. मी माझी ओढणीसारखी पातळ शाल काढत होते, सागर पिशवीत काहीतरी शोधत होता, तोवर त्या पोरीने अंगातला पिवळा रेनकोट काढून तुझ्या खांद्यावर टाकलाही. टोपी डोक्यावर ओढली, पुढची चेन लावली, लहान मुलाची लावतात तशी हनुवटीपर्यंत. तू नको नको म्हणत होतीस. तिला कुठे कळणार? आतला तिचा सदरा पातळ होता. दोन मिनिटांत तो अंगाला चिकटला.

पुढचं रेस्टॉरंट बंद निघालं. बस जायला अजून पाऊण तास. रस्त्याकडेला एका शेतकऱ्याचं लाकडी गोठ्यासारखं छप्पर होतं, आत गवताचे भारे. आपण चौघं तिथे शिरलो. गवताचा वास अगदी आपल्या खळ्यासारखा होता. एक गाय जाळीमागून आपल्याकडे बघत होती, हे कुठले पाहुणे म्हणून. लेनाचे दात वाजत होते. ती हसत होती आणि दात वाजत होते.

तू पिशवीतून गाठोडं काढलंस.

आधी सागरचा रोट काढलास. त्याच्या हातात दिलास. सहा वर्षांनी त्याने स्वतःच्या नावाचा पहिला घास स्वतः घेतला. चावता चावता तो कड्याकडे तोंड करून उभा राहिला, आपल्याला दिसू नये म्हणून. त्यातलाच तुकडा तू घेतलास, मला दिलास. गुळाचा, तुपाचा, जरा शिळावलेला रोट, आणि बाहेर परदेशातला पाऊस. मला खरंच बरं वाटत होतं.

मग तू फडक्यातून दुसरा रोट काढलास. अख्खा, न मोडलेला. आणि लेनापुढे धरलास.

मी पटकन म्हटलं, "अक्का, अगं रोट आहे तो!"

तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "माले म्हाईत शे."

"घरच्यांचाच असतो. तूच सांगितलंस."

"म्हाईत शे व माय, म्हाईत शे." आणि तिला म्हणालीस, "खाय ले व पोरी."

तिने दोन्ही हात पुढे केले. का कोण जाणे, तिने दोन्ही हात पुढे केले. मोठा घास घेतला. तिचे दात वाजायचे थांबले. सागर मागे वळून बघत होता, तोंडातला घास तसाच. त्याला नियम माहीत होते. मला माहीत होते. तिला एकटीलाच माहीत नव्हते, आणि ती एकटीच मजेत खात होती. ज्याच्या नावाचा रोट, पहिला घास त्याचा. तू तर पहिला घासच तिला दिलास.

अक्का, तेव्हा मला कळलं की माझी ढाल गेली. वर्षभर मी सागरला 'अक्काला पटणार नाही' म्हणत होते. आता अक्काने त्याच्या डोळ्यांदेखत तिला घरात घेतलं होतं. आता नाही म्हणायचं तर मला माझ्या तोंडाने म्हणावं लागणार होतं.

संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत तू ओलं लुगडं खुर्चीवर पसरत होतीस. पाठमोरीच तू म्हणालीस, "आते मना पदर सोड. तुनं काय शे ते तू सांग."

एवढंच. ओरडली नाहीस, टोमणा मारला नाहीस. तुला कसं कळलं, हे विचारायचं धाडस झालं नाही, कारण विचारलं असतं तर कबूल केल्यासारखंच झालं असतं. माझ्यासमोर दाराच्या खुंटीला लेनाचा पिवळा रेनकोट टांगलेला होता, पाणी ठिबकत होतं. मी न्हाणीघरातलं केस वाळवायचं यंत्र घेतलं आणि रेनकोट वाळवत बसले. अस्तर आतून बाहेरून, खिसे उलटे करून, टोपी, चेन. अर्धा तास. तू खाटेवर बसून बघत होतीस. शेवटी म्हणालीस, "आते बस कर. जळी जाई." सकाळी मी तो घडी करून, शेजारच्या खोलीत मुक्कामाला राहिलेल्या लेनाच्या हातात दिला आणि विचारलं, "चहा घेशील? आल्याचा करते." तुला माझा होकार तेव्हाच कळला. सागरला कळायला जरा वेळ लागला, तो बापावर गेलाय.

नंतरचं सगळं तुला माहीत आहे. तिथलं नोंदणीचं लग्न, धुळ्यातलं छोटं जेवण, पहिल्यांदा शेवभाजी खाऊन लेनाच्या डोळ्यांत आलेलं पाणी, आणि तिने तरीही दुसऱ्यांदा मागितलेली वाटी. नानांनी तिला 'पोरी' म्हणायला एक आठवडा घेतला, आणि मग दिवसातून वीसदा म्हणायला लागले. ते सगळं चांगलंच झालं. राहिलं ते फक्त आपलं भांडण.

मी म्हणायचे, "तू कोटामुळे रोट दिलास. तिने कोट दिला, तुला भरून आलं, तू नियम मोडलास." तू म्हणायचीस, "थंडीमा पोर काकडनी व्हती." मी म्हणायचे, "म्हणजे दयेपोटी." तू म्हणायचीस, "तसं समज." मी चिडून म्हणायचे, "की विसरलीस? जास्तीचा होता म्हणून दिलास?" तू फक्त हसायचीस. तीन वर्षं, दर फोनवर, एकदा तरी. मला ठरवायचं होतं की तो मोठा निर्णय होता की पावसातली एक साधी गोष्ट. गणिताच्या बाईला उत्तर आलं तरी रीत दाखवावी लागते, आणि तुझी रीत मला दिसत नव्हती. दवाखान्यातही मी विचारलं होतं. तू ऑक्सिजनची नळी बाजूला करून म्हणालीस, "तू लई चेंगट शे." हे तू माझ्याशी बोललेलं शेवटून दुसरं वाक्य. शेवटचं होतं, नानांचा चहा बिनसाखरेचा.

परवा संध्याकाळी ओट्यावर मी, सागर आणि लेना बसलो होतो. तुझ्या आठवणी निघाल्या. मी ती दरीतली गोष्ट सांगितली आणि म्हटलं, "शेवटपर्यंत कबूल केलं नाही अक्काने. कोटामुळेच दिला होता."

सागरने लेनाकडे बघितलं. मग म्हणाला, "आई, आता सांगतो. मोठी आईने सांगू नको म्हटलं होतं."

आपण निघायच्या पंधरा दिवस आधी तू त्याला फोन केला होतास. व्हिडिओवर. त्याच्या मागे खिडकीत तुळस होती, तू पाठवलेल्या मंजिऱ्यांची. पहिल्या दोन त्याने वाळवल्या होत्या. तिसरी कमरेएवढी झालेली तुला दिसली. तू त्याला विचारलंस, "तुनी तुळस कोन जगाडी ऱ्हायनं?" दोन तुळशी मारणारं पोरगं तिसरी जगवत नाही, हे तुला बसल्या जागी कळलं. त्याने सगळं सांगून टाकलं. मी काय म्हणते तेही सांगितलं, अक्काला पटणार नाही म्हणते, हेही. त्यावर तू फक्त दोन गोष्टी विचारल्यास.

"ती पोरनं नाव काय शे?"

"लेना."

"गहू खास का ती? गूळ चालस का तिले?"

त्याला वाटलं, मोठी आई काय रांधायचं ते ठरवतेय. तो हो म्हणाला. तू म्हणालीस, "तुनी मायले सांगू नको," आणि फोन ठेवलास.

सागरचं सांगून झालं आणि मला कोठी दिसली, सूप दिसलं, तुझा हात दिसला. नाना, सागरचे बाबा, विलास, पिंटू, सागर. आणि सहावी. तू त्या वेळी ओठ हलवले होतेस, मला वाटलं मोजतेयस. तू नाव घेत होतीस. तिने तुला कोट देण्याआधी, तुला हात जोडण्याआधी, तू तिला बघण्याही आधी तिच्या नावाचे गहू मोजून झाले होते. या घरात तुझ्या नावाची मूठ कधी पडली नाही, माझ्या नावाची पडली नाही. पडली ती हजारो मैलांवरच्या, अजून लग्नही न झालेल्या एका पोरीच्या नावाची, आणि मी बाजूला बसून तुझी बेरीज चुकली म्हणून हसत होते.

आणि तुला माझंही माहीत होतं. तुझ्या नावाने मी काय काय बोलले ते सगळं ऐकून तू माझ्याबरोबर विमानात बसलीस. चौदा तास माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलीस. घरात कोणाला बोलली नाहीस, मलासुद्धा नाही. फक्त पदर सोड म्हणालीस. मी असते तर अख्ख्या तालुक्याला सांगितलं असतं, अक्का. तू नरडाण्याच्या बाजारात माझ्या बारीकसारीक चुका वाटायचीस आणि ही एवढी मोठी पोटात ठेवलीस. मला माफ कर म्हणणार होते, पण तू ते तीन वर्षांपूर्वीच करून बसली होतीस.

वर्षभराचं सुतक आहे, यंदा कानबाई बसणार नाही. पुढच्या वर्षी गहू मोजायला तुझ्यामागे मोठी म्हणून मी बसायची. माझी मूठ लहान आहे, खडू धरून धरून तशीच राहिली. आज सकाळी दळणासाठी गहू काढायचे होते, तर लेना म्हणाली, मी काढते. कोठीत हात घातला आणि मूठ बाहेर काढली. तुझ्याएवढी, अक्का. बोटांतून दाणे ओघळत होते तेसुद्धा तसेच. मला कोठीपाशी बसवत नव्हतं, तरी बसले. म्हटलं, थांब, शिकवते. एकेक नाव घ्यायचं आणि एकेक मूठ टाकायची.

तिने नावं घेतली. नाना. बाबा. विलास. पिंटू. सागर. सूप मांडीवर घेऊन मी मोजत होते. पाच झाल्या. ती उठेल म्हणून मी सूप उचलायला गेले, तर तिने परत कोठीत हात घातला, मूठ भरली, वर सव्वाची चिमूटसुद्धा घेतली, आणि सुपात टाकताना हळूच म्हणाली, "अक्का."

गेलेल्या माणसाची मूठ मोजत नाहीत. बायकांची तर नाहीच नाही. मला दोन्ही नियम माहीत आहेत, तूच शिकवलेत.

मी तिला थांबवलं नाही. सहा मुठी गहू दळायला दिले, आणि दुपारी आम्ही सगळ्यांनी मिळून त्याच्या पोळ्या खाल्ल्या.